गाडी झोपते कुठे?

माझ्या बायकोला लोक पॉलिसीताई म्हणतात. ती गाड्यांचे विमे उतरवते, सव्वीस वर्षं झाली. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. आता निवृत्त आहे, म्हणजे तिचा बिनपगारी ड्रायव्हर, शिपाई आणि टपालखातं आहे. तिचं ऑफिस आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही आणि ती लाथ मारायचा मान माझा.

इतर एजंट दहा मिनिटांत पॉलिसी करून गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. हिच्याकडे आलेला माणूस तासभर तरी सुटत नाही. आधी ती समजावून सांगते. "थर्ड पार्टी म्हणजे समोरच्यासाठी. तुमच्या गाडीने कुणाला लागलं, कुणाची भिंत पाडली, तर त्याची भरपाई. कायदाच आहे, घ्यावाच लागतो. पण तुमची स्वतःची गाडी चेपली तर त्यातून एक स्क्रूसुद्धा मिळणार नाही. स्वतःच्या गाडीचा भाग वेगळा. धडक, आग, चोरी, पूर हे सगळं त्यात. दोन्ही मिळून घेतलं की त्याला तुम्ही लोक फुल विमा म्हणता. म्हणा. पण त्यातही सगळं येत नाही."

मग ती काय येत नाही ते सांगते, आणि माणसाचा चेहरा उतरत जातो. जुन्या गाडीचा बंपर गेला तर कंपनी त्याच्या वयाप्रमाणे पैसे कापते. कापू नयेत असं वाटत असेल तर झिरो डेप वेगळं घ्यायचं. पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवून इंजिन मोडलं तर ते साध्या विम्यात बसत नाही. त्याला इंजिनचं कव्हर वेगळं. शेवटी ती खुर्चीला टेकून म्हणते, "आता हेच तुम्ही मला सांगा." एका बिल्डिंग कंत्राटदाराला तिने तीनदा परत पहिल्यापासून सांगायला लावलं होतं. तो माणूस कोर्टातही इतका घामेजला नसेल.

आणि एवढं झाल्यावर तिचा शेवटचा प्रश्न असतो, "गाडी झोपते कुठे?"

लोकांना आधी कळत नाही. तिला जागा बघायची असते. गाडी रात्रभर जिथे उभी असते तिथे ती स्वतः जाते, गाडीला हात लावते, वर झाड आहे का, जमीन उतरती आहे का, पाणी कुठून येईल, हे बघते आणि एका कागदावर लिहिते. त्या कागदावरून ठरतं काय घ्यायचं आणि काय उगाच गळ्यात मारायचं नाही. झाडाखालच्या गाडीला एक, तळघरातल्या गाडीला दुसरं. नको असलेलं कव्हर तिने आजवर कुणाला विकलेलं नाही. तिचं कमिशन बुडतं आणि मला त्याचा राग येतो, पण माझ्या रागाचा विमा कुणी उतरवत नाही.

आता तिच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं.

धाकटी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. म्हातारी माणसं, अंथरुणावरचे रुग्ण, ज्यांना लॅबपर्यंत येता येत नाही असे. लॅबची अट एकच, स्वतःची गाडी हवी. गाडी नाही तर नोकरी नाही. नवरा वारलेला, मुलगी कॉलेजात. त्या छोट्या पांढऱ्या गाडीवर घर चालत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी तिने ती गाडी फाटकाच्या खांबाला घासली आणि क्लेम करताना ताईला म्हणाली, "लिही की मागून टेम्पोने ठोकलं." हिने लिहिलं नाही. "खांबाला घासली, तेच लिहिणार. पैसे थोडे कमी मिळतील, मिळू देत." त्यावरून दोघींचं वाजलं. धाकटी म्हणाली, सख्ख्या बहिणीपेक्षा तुला तो कंपनीचा नुकसान बघणारा सर्व्हेअर जवळचा. ही म्हणाली, हो, कारण तो माझ्या शब्दावर डोळे मिटून सही करतो, आणि तो शब्द मी एकदा मोडला की माझ्या चारशे गिऱ्हाइकांचा मोडला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. अकरा महिने.

मध्यंतरी धाकटीच्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं. ही स्वतः जाईना. मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. जागा बघून या. गाडीला हात लावून या, नुसतं वरून नको."

मी गेलो. धाकटी चौथ्या मजल्यावर राहते. तिने चहा दिला आणि पाऊण तास ताईबद्दल जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. गाडी कुठे असते विचारल्यावर म्हणाली, "खालीच असते की." निघताना मी जिन्याच्या खिडकीतून बघितलं. खाली अंगण दिसत होतं, चार-पाच गाड्या होत्या, त्यांत एक पांढरी होती. तळघराकडे जाणारा एक उतार होता, पण त्या इमारतीची लिफ्ट तळघरापर्यंत जात नाही आणि माझा गुडघा तेव्हा दुखत होता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला जिने मानवत नाहीत. मी कागदावर लिहिलं: उघडं अंगण, उंच जमीन, पाणी साचत नाही. सही केली आणि घरी येऊन जेवलो.

हिने तो कागद वाचला आणि इंजिनचं कव्हर काढून टाकलं. "उगाच भुर्दंड कशाला तिला," म्हणाली. रागावलेल्या बहिणीचेही पैसे वाचवत होती.

त्यानंतर सात महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी सव्वादोनला फोन वाजला. धाकटीच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे घड्याळवाले होते. हेही आमचंच गिऱ्हाईक. ते दुकानातून बोलत होते. "ताई, सकाळी दहाला आमच्याकडे मोठी पाइपलाइन फुटली. तळघर पार भरलं, गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात होत्या म्हणे. पंप लावून आत्ता एक वाजता उपसलं. मी काय करू?"

"चावीला हात लावायचा नाही," ही म्हणाली. "दिसायला कोरडी झाली तरी नाही. ढकलून वर काढायची आणि टो करून गॅरेजला. तुम्ही इंजिनचं कव्हर घेतलंय, तरी चावी नाही. कळलं? आता तुम्ही मला सांगा."

त्यांनी सांगितलं. मग हिने सहज विचारलं, खाली अजून कुणाच्या गाड्या आहेत, त्यांनाही सांगा. आणि ते म्हणाले, "माझ्या शेजारी तुमच्या बहिणीचीच आहे की."

हिने माझ्याकडे वळून बघितलं. फोन कानालाच होता.

"कधीपासून?" तिने फोनवर विचारलं.

 ते म्हणाले, ते काही मला ठाऊक नाही ताई, मी स्वतः दोनच महिने झाले इथे खाली लावतोय, आधी गाडी दुकानाच्या तळघरात असायची. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याची मला त्याच क्षणी लाज वाटली.

त्या आठवड्यात धाकटीची दुपारपाळी होती. तीनला ती घरून निघते. हिने तिला फोन लावला. उचलला नाही, अकरा महिन्यांत उचलला नव्हता, आज कशाला उचलेल. मी लावला. माझाही उचलला नाही. माझ्या तोंडून कोण बोलतं हे तिला पक्कं माहीत आहे. मेसेज टाकला: गाडी सुरू करू नकोस. तो वाचल्याची खूण काही येईना. मुलगी कॉलेजात, तिचा फोन बंद. घड्याळवाल्यांना विचारलं, रखवालदाराला सांगता येईल का? तर रखवालदाराचा फोन सकाळी पंप लावताना पाण्यात पडला होता आणि तो ज्या दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून बोलला होता, तोही आता लागेना. घड्याळवाल्यांच्या घरी कुणी नव्हतं.

"गाडी काढा," ही म्हणाली. चपला घालायला ती आत गेली आणि एका पायात माझी चप्पल घालून बाहेर आली.

आमच्या घरापासून धाकटीचं घर पंचवीस मिनिटांवर आहे. दोन पंचवीस झाले होते. पहिल्या सिग्नलला मी थांबलो तेव्हा ही एकदम म्हणाली, "तुम्ही बघितली होतीत ना? अंगणात?"

"हो," मी म्हणालो.

"हात लावला होतात?"

"हो म्हटलं ना."

तिने पुन्हा फोन लावून बघितला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे नंतर हलवली असणार. मी मध्ये एकदा जायला हवं होतं. एजंट म्हणून नाही तर बहीण म्हणून तरी." सिग्नल हिरवा झाला होता, मागचा हॉर्न वाजवत होता आणि माझा पाय क्लचवरून निघेना. तीस वर्षांच्या संसारात मी हिच्यापासून चोरून खाल्लंय, सिगरेट ओढलीय, एकदा लॉटरीची तिकिटं घेतलीत. पण विचारल्यावर तोंडावर खोटं कधी बोललो नव्हतो. ते त्या दिवशी झालं.

पुलाखाली सगळं अडलं होतं. एक ट्रक आडवा होऊन वळत होता आणि चारही बाजूंनी लोक त्याला अक्कल शिकवत होते. ही काच खाली करून बघत होती. दर मिनिटाला फोन लावत होती. दोन चाळीस. दोन चव्वेचाळीस. "धावत जाऊ का मी?" म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, वेगवेगळ्या चपला घातलेली, खरंच दार उघडायला निघाली होती. मी तिचा दंड धरला.

दोन त्रेपन्नला आम्ही फाटकातून आत शिरलो. अंगणात ओल्या चटया, पुठ्ठ्याचे खोके, कुणाची तरी सायकल वाळत घातली होती. गाडी थांबायच्या आधीच ही उतरली आणि उताराने खाली पळाली. मी मागे. तळघरात शिरताना गुडघा आठवलासुद्धा नाही.

आत दिवे नव्हते. ओल्या सिमेंटचा वास येत होता. टोकाला पांढऱ्या गाडीचं दार उघडं होतं आणि आत धाकटी बसलेली दिसली, कपाळाला मोबाइलच्या टॉर्चचा उजेड. "अगं थांब!" ही ओरडली. "धाकटे, हात काढ!"

आवाज एकदाच आला. जड, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. मग काहीच नाही.

धाकटी उतरली. अकरा महिन्यांनी ताई समोर होती. "पाणी तर उतरलं होतं," ती म्हणाली. "सीट ओली होती. म्हटलं, चालवली की वाळेल. काय झालं? ताई, काय झालं?"

"इंजिनात पाणी होतं," ही म्हणाली. "तू फिरवलीस आणि आतला दांडा वाकला. इंजिन गेलं."

"पण माझा विमा आहे ना? फुल आहे ना?"

ही तिथेच ओल्या कट्ट्यावर बसली. "सीटा, गालिचे, वायरिंग, सगळं मिळेल. इंजिन नाही मिळणार. त्याचं कव्हर नाहीये तुला."

"का नाहीये?"

"मी घातलं नाही," ही म्हणाली. "माझी चूक."

मी चार हातांवर उभा होतो. बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण धाकटी रडायला लागली, ही उठून तिला धरायला गेली, आणि त्या गडबडीत मी उघडलेलं तोंड मिटलं. माणूस भित्रा असला की त्याला निमित्त कुठेही सापडतं.

त्या रात्री ही झोपली नाही. मीही नाही, पण मी झोपल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर आला. गाडी ढकलून अंगणात आणली होती. सर्व्हेअर उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. हिला पंधरा वर्षं ओळखतो. त्याने सीटा दाबून बघितल्या, डॅशबोर्डखाली टॉर्च मारला, ऑइलची काडी काढून त्यावरचं दुधाळ पाणी बोटाला लावून बघितलं. फोटो काढले. मग फॉर्म बॉनेटवर ठेवला आणि पेन उघडलं.

"ताई, एकच विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "पाणी उतरल्यावर गाडी सुरू करायचा प्रयत्न झाला होता का? नाही म्हणालात तर इंजिनचं नुकसान पाण्याने झालेलं म्हणून धरतो. हो म्हणालात तर ते मालकाच्या हातून झालेलं, आणि कव्हर तर दिसत नाहीये. तुमच्या गाड्यांत मी जास्त खोदत बसत नाही. तुम्ही सांगाल ते लिहितो."

धाकटी माझ्या शेजारी उभी होती. तिचे डोळे सुजले होते. लॅबने तिला आठ दिवस दिले होते. गाडी नाही तर नवव्या दिवशी दुसरी मुलगी.  गेल्या वर्षी जिने टेम्पोची गोष्ट रचली होती, ती आज खाली मान घालून उभी होती. तिने ताईकडे बघितलंसुद्धा नाही. कदाचित मागायचं धाडस नव्हतं. कदाचित तिला ताईचं उत्तर ठाऊक होतं.

मला ठाऊक नव्हतं. मी हिच्याकडे बघत होतो. हिचा हात पर्सच्या पट्ट्यावर घट्ट होता आणि खालचा ओठ किंचित आत गेला होता. हे तोंड मी ओळखतो. तिची आई शेवटच्या दुखण्यात होती आणि मी बरी होईन ना गं असं विचारायची, तेव्हा ही असाच ओठ आत घ्यायची आणि मग हो म्हणायची.

ती नाही म्हणणार होती. सव्वीस वर्षं जिने खांबाचा टेम्पो केला नाही, ती बाई एका शब्दात सगळं मोडायला निघाली होती. आणि कशासाठी? तिला वाटत होतं की चूक तिची आहे. ती चूक मी तिच्या पदरात घातली होती.

"झाला होता," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

"काल दुपारी दोन त्रेपन्नला चावी फिरवली. आवाज मी ऐकला. लिहा." थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आणि आणखी एक. या गाडीची जागा बघायला मी आलो होतो. मी खाली उतरलोच नाही. वरच्या खिडकीतून कुणाची तरी पांढरी गाडी बघितली आणि अंगण लिहून टाकलं. कव्हर नाहीये ते माझ्यामुळे. हिच्यामुळे नाही. हिला मी काल गाडीतही खोटंच सांगितलं."

रखवालदार झाडू हातात घेऊन ऐकत होता. सर्व्हेअरने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाला. सीटा, वायरिंग, इलेक्ट्रिक सगळं मंजूर होईल, इंजिन नाही.

धाकटी माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "भाऊजी, तळघराच्या अठ्ठावीस पायऱ्या होत्या. एवढं काय होतं?" 

परत येताना धाकटीलाही आमच्याकडे आणलं; दोघी मागच्या सीटवर बसल्या आणि मी पुढे एकटा. हिने वाटेत फक्त एक वाक्य उच्चारलं. "उद्यापासून हिला घेऊन जायचं, घरोघर. इंजिन होईपर्यंत. लॅबला मी सांगते." कुणाला उद्देशून होतं ते विचारायची गरज नव्हती.

इंजिनला सात आठवडे लागले. खर्च आम्ही दिला. मी नवा टीव्ही घेणार होतो, तो विषय मीच काढला नाही. सात आठवडे मी धाकटीला घेऊन फिरलो, सकाळपाळी असली की पाच वाजल्यापासून. ती पेटी घेऊन वर जायची आणि मी खाली थांबायचो. तिसऱ्या दिवसापासून पेटी मी उचलायला लागलो. बहुतेक इमारतींना लिफ्ट नव्हत्या. आणि ज्यांना होत्या, त्यांतल्या दोन बंद होत्या आणि माझ्याकडे हत्यारं नव्हती. धाकटी आधी माझ्याशी बोलत नव्हती, मग पत्ते सांगण्यापुरती बोलायला लागली, मग एक दिवस तिने कुठल्यातरी आजोबांच्या नसेबद्दल सांगून इतकं हसवलं की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

ही मात्र माझ्याशी घरात कामापुरतंच बोलायची. जेवण वाढायची, औषधाची आठवण करायची. त्या कागदाबद्दल चकार शब्द नाही. धाकटीशी रोज तासभर फोनवर गप्पा, आणि मी समोर बसलो की टीव्ही.

धाकटीची गाडी गॅरेजमधून आली त्या संध्याकाळी ही टेबलाशी नवे फॉर्म लावत बसली होती. मी कपाटाला लाथ मारून दार उघडून दिलं. ती मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी सर्व्हेअरने विचारलं, तेव्हा तुम्ही मध्येच बोललात."

"हो."

"मी काय म्हणणार होते, ते कळलं होतं तुम्हाला?"

फॉर्म लावणारे तिचे हात थांबले होते. सव्वीस वर्षांत जो शब्द तिने मोडला नाही, तो मोडायला ती तयार झाली होती हे तिला माहीत होतं. आता तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की ते आणखी कुणी बघितलंय का.

"नाही," मी म्हणालो. "तू खरंच सांगणार होतीस. मला धीर धरवला नाही, एवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं.  मग मान हलवली, फॉर्म सारखे केले आणि म्हणाली, "चहा टाकता का? मलाही टाका."

तीस वर्षांत मी बायकोशी तोंडावर दोनदा खोटं बोललो. पहिल्याची माफी मी अजून मागतोय. दुसऱ्याची मागणार नाही.